ताशी दर

लुकेच्या थांब्यावर पहाटे चार चाळीसला
माझ्या मुठीत गणनयंत्र, सुपारीएवढं.
माणूस बसमध्ये चढला की दाबायचं. टिक.
कडेवर मूल असेल तर दोनदा दाबायचं का,
हे कुणी सांगितलेलं नाही.
मी दाबते.

प्रश्नावली चार पानांची.
कुठून, कुठे, कशासाठी, आठवड्यातून किती वेळा,
आणि शेवटी तो गमतीचा:
'रेल्वे असती, तर तुम्ही तिने गेला असता का?'
सेफेरिनो गवंडी हसतो, पुढचे दोन दात नाहीत.
'पोरी, तुझ्या त्या असती-तरला डबे किती?'
पर्याय तीनच होते. नक्की, बहुधा, सांगता येत नाही.
मी 'नक्की'वर खूण केली.

जुना मार्ग अजून आहे,
म्हणजे नकाशात आहे.
तांबड्या मातीत रूळ निम्मे गिळलेले,
मधोमध लापाचोचं झाड उगवलेलं,
दर ऑगस्टला न चुकता गुलाबी,
इथलं तेवढंच एक वेळापत्रक.
मोजणीवाल्यांनी त्याच्या खोडावर पिवळ्या रंगात लिहिलं:
अडथळा ११७.

११८ म्हणजे न्या लिदुविनाचं स्वयंपाकघर.
चूल दोन रुळांच्या बरोबर मध्ये.
एका रुळावर ती सुरीला धार लावते,
दुसऱ्यावर बसून आम्ही यर्बाचा काढा प्यायलो,
एकाच नळीने, आळीपाळीने.
'येईना का गाडी,' ती म्हणाली,
'माझा नवरा तिच्या भट्टीत लाकडं घालायचा, एकवीस वर्षं.
बंद पडली तेव्हा आलो इथे राहायला.
पुन्हा निघाली तर
सगळ्यात आधी आम्हाला कळायला नको?'
प्रश्नावलीत याला रकाना नव्हता.
तिच्या चिपाचा एक तुकडा फडक्यात बांधून आणला.

संध्याकाळी आसुन्सिऑनच्या कार्यालयात तक्ते भरतो आम्ही.
वाचणारा वेळ: फेरीमागे सदतीस मिनिटं.
मग त्या वेळेला भाव लावायचा.
बँकेतल्या साहेबाचा तास एवढ्याला,
शिक्षिकेचा त्याहून कमी,
दुसऱ्यांची भांडी घासणारीचा तास
सगळ्यात खालच्या ओळीत, जवळजवळ सुट्टे पैसे.
'पद्धतच आहे ती,' अभियंता ओस्वाल्दो म्हणाले,
'जगभर असंच मोजतात.'
आणि ते वाईट गृहस्थ नाहीत,
माझ्या आईच्या गुडघ्यांसाठी मलम त्यांनीच आणून दिलं होतं.

आई विल्या मोर्रात भांडी घासते.
सदतीस मिनिटं मिळाली तर ती काय करेल
ते मला ठाऊक आहे.
काही नाही.
पाय पाटावर ठेवून बसेल,
आणि कुणी हाक मारली तर
पहिल्या हाकेला ओ देणार नाही.

भागाकार आला: शून्य दशांश चौऱ्याण्णव.
एक लागतो.
एकाच्या खाली रेल्वे धावत नाही.

सगळे गेल्यावर मी दिवा ठेवला,
आणि अख्ख्या शहराचा मिळून एकच तास केला,
मोटारवाल्यांचाही, न्या लिदुविनाचाही,
आईचाही.
एक दशांश शून्य सहा.
दोन मिनिटं त्या आकड्याकडे बघत राहिले.
(माझ्या दराने ती दोन मिनिटं स्वस्तच पडली.)
मग जुनं होतं तसं केलं.
मग उठले, पाणी प्यायले, परत बसले,
आणि परिशिष्टात, तळटीप म्हणून,
सगळ्यात बारीक अक्षरात तो आकडा लिहिला.

सकाळी ओस्वाल्दोंनी चष्मा कपाळावर सरकवला.
'हा कुठून आला?'
'लुकेहून,' मी म्हटलं,
'पहाटे चार चाळीसच्या बसने. उभ्याने.'

त्यांनी पान उलटलं.
खोडलं की ठेवलं, अजून कळलेलं नाही.
उद्या परत थांब्यावर जायचंय.
शनिवारची गणना वेगळी धरतात,
पोरं जास्त असतात कडेवर.